खाऱ्या मातीतली चार बाळं

दर दोन-तीन महिन्यांनी शकूकाकूंना हिंदुस्थानातून दोन फोन येत, एक बेळगावहून आणि एक सांगलीहून. दोन्हींची सुरुवात एकच असे. पलीकडून काहीतरी विचारले जाई आणि काकू स्वच्छ, ठाम आवाजात म्हणत, "आहे." मग गुडघे, सुना, रक्तदाब वगैरे नेहमीच्या गोष्टी. दुबईत, अल कुसैसमधल्या आमच्या इमारतीत त्या चौथ्या मजल्यावर राहत, आम्ही तिसऱ्या. तो फोन मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरात त्यांचा बिघडलेला मिक्सर उघडून बसलो होतो. काय आहे, असे विचारण्याइतकी आमची ओळख नव्हती. काकूंनीच फोन ठेवला आणि म्हणाल्या, "सतीश, तुझी गाडी शुक्रवारी मोकळी असते का रे? मला माझ्या मुलीकडे जायचंय."

त्यांना एकच मुलगा होता, मिलिंद, हे साऱ्या इमारतीला ठाऊक होते. तो आठवडाभर अबुधाबीत असे आणि सुट्टीला घरी आला की झोप काढी. मुलगी कुठली, हे मी विचारले नाही. न विचारणे हा माझा जुना स्वभाव आहे आणि मी त्याला आयुष्यभर सभ्यपणा समजत आलो.

त्या शुक्रवारी शारजा मागे टाकून आम्ही किनाऱ्याच्या रस्त्याने उत्तरेकडे निघालो. काकूंच्या मांडीवर पाण्याची बाटली आणि एक जुना पंचा. एका पेट्रोलपंपानंतर त्यांनी डावीकडे वळायला सांगितले, मग कच्ची वाट, मग वाटही संपली. मोकळ्या माळावर घाफचे, म्हणजे इथल्या वाळवंटी शमीचे, एक झाड होते. त्याच्या पलीकडे पांढऱ्या, सच्छिद्र समुद्री दगडांचे चार लहान ढीग. काकूंनी चपला गाडीपाशीच काढल्या. वाळू तापलेली होती, मी तसे म्हणालोही. "पोरांकडे चपला घालून जातात का?" त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.

त्यांनी चारही ढिगांवरची वाळू पंच्याने झटकली, सरकलेले दगड जागच्या जागी बसवले आणि प्रत्येकापाशी थोडे थोडे पाणी ओतले. मग पहिल्या दोन ढिगांसमोर बसून म्हणाल्या, "तुमची आई बरी आहे रे. मोतीबिंदू काढला. सुनेशी पटत नाही, पण ते पूर्वीपासूनच." समुद्राकडच्या शेवटच्या ढिगाला सांगितले, की नंदू, तुझ्या धाकट्या भावाचा मुलगा इंजिनियर झाला. उरलेल्या ढिगावर त्यांनी नुसता हात ठेवला. ती त्यांची मुलगी. नवव्या दिवशी गेली. बारसे व्हायचे होते, म्हणून तिला नाव नव्हते.

परतताना त्यांनी सगळे सांगितले, बाजारातली हकिगत सांगावी तितक्या सरळ. अमिरातीतली ही सारी राज्ये एकत्र येण्याच्या आधीची गोष्ट. काकूंचे यजमान एका जहाज एजंटाकडे कारकून होते. त्या किनाऱ्यावरच्या गावात तीन मराठी बिऱ्हाडे होती. खजुराच्या झावळ्यांची घरे, गाढवावरून येणारे पाणी. डॉक्टर दुबईत, आणि दुबईचा रस्ता भरतीला पाण्याखाली जाई. तीन वर्षांत या तीन घरांतली चार मुले गेली. बेळगावच्या कमलताईंची जुळी, सांगलीच्या लीलाताईंचा दीड वर्षाचा नंदू आणि शेवटी काकूंची मुलगी. आपल्यात इतक्या लहान लेकराला अग्नी देत नाहीत, मिठासकट मातीत ठेवतात. म्हणून प्रत्येक वेळी पुरुष मिठाचे पुडके आणि पांढरे फडके घेऊन निघत, तासाभराने परत येत, अंघोळ करत आणि म्हणत, "झालं." बायकांनी स्मशानात जायचे नसते. कुठे ठेवले, हे विचारायचीही रीत नव्हती.

"कमलने विचारलं नाही. लीलानेही विचारलं नाही," काकू म्हणाल्या. "मी विचारलं. तर हे म्हणाले, कशाला जिवाला लावून घेतेस. आता तुला सांगते सतीश, जिवाला लावून घ्यायचं नाही तर कशाला लावायचं? भिंतीला?"

शेजारी जाळी विणणाऱ्याची बायको होती, उम्म सालेम. दोघींना एकमेकींची भाषा जेमतेम येत होती. दुसऱ्या दिवशी पुरुष कामावर गेल्यावर तिने आपला काळा अबाया शकूकाकूंच्या अंगावर घातला, तोंडही झाकले आणि दहा दिवसांच्या त्या बाळंतिणीला गावाबाहेर घेऊन गेली. खड्डे तिच्याच दिराने खणले होते, म्हणून तिला जागा ठाऊक होती. मीठ कशाला घातले, याचे मात्र तिला नवल वाटत होते. तिने वाळूची चिमूट काकूंच्या जिभेवर ठेवून दाखवली. सगळी जमीनच खारी होती. त्यांच्यात थडग्याच्या डोक्याशी आणि पायाशी दगड उभा करतात. तिने खुणेने विचारले, डोके कुठल्या बाजूला? काकूंना ठाऊक नव्हते. मग दोघींनी किनाऱ्यावरून दगड वाहून आणले आणि चारही मुलांभोवती सगळ्या बाजूंनी रचले.

एक गोष्ट काकूंनी मला सांगितली नाही, माझ्या पत्नीला सांगितली. मुलगी गेली तरी दूध थांबले नव्हते. त्या दिवशी उम्म सालेम आडोसा करून पाठमोरी उभी राहिली आणि काकूंनी ते तिथल्या वाळूत पिळले. पत्नीने मला हे सांगितले त्यानंतर कित्येक दिवस मी काकूंसमोर मान वर करून बोलू शकलो नाही. एकविसाव्या वर्षी, परक्या मुलखात, नवऱ्याला न सांगता, परक्या बाईच्या बुरख्याआडून ही मुलगी चालत गेली होती. आणि पुढची जवळजवळ साठ वर्षे जात राहिली होती. कमलताई आणि लीलाताई वर्षा-दोन वर्षांत हिंदुस्थानात परतल्या. जाण्यापूर्वी काकूंनी त्यांना चला म्हटले होते. त्या धजल्या नाहीत. "तू बघितलंस ना, मग झालं," असे म्हणाल्या. तेव्हापासून आधी पत्रांतून आणि मग फोनवरून तो एक प्रश्न येत होता. काकूंचे यजमान गेले, मुलगा नोकरीला लागला, गाव ओळखू येईनासे झाले. मिलिंदने दोनदा वेंगुर्ल्याचे घर नीट करून दिले, तरी काकू तिकडे राहायला गेल्या नाहीत. कारण विचारणाऱ्याला सांगत, "तिकडचं पाणी बाधतं मला."

त्यांचे बोलणे असेच असे. माझ्याविषयी म्हणत, "ह्याच्या गाडीत एसी आहे, तोंडात जीभ नाही." त्यांची नात रिया एकदा आमच्याबरोबर आली होती. कानातले इअरफोन काढून तिने चौफेर पाहिले आणि म्हणाली, "आजी, इट्स जस्ट सँड." काकू म्हणाल्या, "हो बाई. तूसुद्धा नऊ महिने जस्ट पाणीच होतीस." रिया हसली. मग तिने कोणी न सांगता आपले बूट काढले.

मी त्यांना अकरा वेळा तिथे नेले. हा आकडा मला पुढे उपयोगी पडायचा होता, म्हणून तो नक्की लक्षात आहे.

आता माझ्याविषयी लिहावे लागेल. मी एका कंत्राटदार कंपनीत प्रकल्प अभियंता आहे. चार वर्षांपूर्वी आमच्याकडे किनाऱ्याजवळच्या एका भूखंडाचे काम आले. गोदामांसाठी जमीन सपाट करायची, कुंपण घालायचे, शेड उभारायच्या. काम सुरू करण्याआधी जागेची पाहणी करून एक पत्रक भरायचे असते. जुने बांधकाम, विहीर, झाडे, केबल, थडगी. प्रत्येकापुढे होय किंवा नाही लिहायचे. सर्वेक्षणाच्या पोराने फोटो पाठवले होते. सहाव्या फोटोत घाफचे झाड होते आणि त्यामागे चार पांढरे ठिपके.

मी ओळखले. ओळखले नाही, असे म्हणण्याची सोय मला नाही. थडगी या शब्दापुढे होय लिहिले असते, तर पालिकेचे लोक आले असते, काम महिना-दोन महिने थांबले असते आणि कदाचित त्यांनी रीतसर ती दुसरीकडे हलवलीही असती. या देशात मेलेल्या माणसाची हेळसांड करत नाहीत, हे मी इतक्या वर्षांत पाहिले आहे. पण मला प्रश्न विचारले गेले असते. कोणाची मुले? कागद कुठे आहेत? तुम्हाला कसे ठाऊक? माझ्या बढतीचा विचार त्याच तिमाहीत व्हायचा होता आणि काम थांबवणारा माणूस, अशी ओळख मला नको होती. मी ठरवले, की पत्रक आत्ता जाऊ द्यावे आणि साहेबांशी तोंडी बोलावे, इन्शाल्ला पुढच्या आठवड्यात. थडग्यांपुढे मी नाही असे लिहिले आणि सही केली. पुढच्या आठवड्यात पुतण्याच्या मुंजीसाठी पुण्याला गेलो. तिथे दहा दिवस पंक्तीत वाढत होतो.

परतलो तेव्हा जागा टेबलासारखी सपाट होती. जमीन सपाट करणारे ग्रेडर यंत्र चालवणारा रहमत नावाचा एक पठाण होता, पेशावरकडचा. तो चहाचा कप घेऊन माझ्याजवळ आला.

"साब, उधर सफेद पत्थर थे, चार जगह. मुझे ठीक नहीं लगा. मैंने दो दिन मशीन घुमा के निकाला, वो टुकड़ा छोड़ दिया. आप से पूछना था, आप छुट्टी पे थे. फिर फोरमन बोला, कागज़ साफ है, यल्ला, खलास करो."

मी म्हणालो, "ठीक है, रहमत." आणि केबिनमध्ये जाऊन बसलो.

त्यानंतर आठ महिने मी काकूंना टाळले. आधी गाडी गॅरेजमध्ये होती, मग उन्हाळा होता, मग माझी पाठ दुखत होती. आठवड्यातून एकदा तरी लिफ्टमध्ये गाठ पडे. त्या म्हणत, "सवड झाली की सांग हो. घाई नाही." मिलिंदला त्या विचारणार नाहीत, हे मला ठाऊक होते आणि त्याचाच मी आधार घेत होतो. रात्री झोप लागत नसे, असे काही नाही. झोप उत्तम लागत असे. हेही लिहून ठेवले पाहिजे.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी पत्नीने वर काकूंकडे भाजणी नेऊन द्यायला सांगितले. दार उघडेच होते. काकू फोनवर होत्या. "आहे," त्या म्हणाल्या. पलीकडून आणखी काहीतरी विचारले गेले असावे. मी कधीही न ऐकलेल्या घाईने त्या म्हणाल्या, "हो हो, गेल्या महिन्यातच जाऊन आले. सतीशने नेलं ना. सगळं जिथल्या तिथं आहे."

फोन ठेवून वळल्या तेव्हा मी दारात होतो. त्या ओशाळल्या. मला पाहून त्यांनी ओशाळावे, हे मला सहन झाले नाही. मी भाजणीचा डबा ओट्यावर ठेवला आणि उभ्या उभ्याच सगळे सांगितले. फोटो, पत्रक, मुंज, रहमत. मी सावकाश बोलतो, त्यामुळे त्याला बराच वेळ लागला. काकूंनी मध्येच हात लांबवून गॅस बंद केला, तेवढीच हालचाल.

मी थांबल्यावर त्यांनी विचारले, "तो ड्रायव्हर दोन दिवस थांबला होता?"

"हो काकू."

"नाव काय म्हणालास?"

"रहमत."

"त्याला घेऊन ये एकदा. जेवायला."

मला त्या काहीही बोलल्या नाहीत. शिवी दिली असती तर मी ती घरी घेऊन गेलो असतो, तिच्याशी भांडलो असतो, हळूहळू तिच्याशी जुळवून घेतले असते. त्यांनी मला काहीच दिले नाही. पुढच्या शुक्रवारी रहमत आला. धुतलेला सलवार-कमीज घालून, अवघडून, सोफ्याच्या टोकावर बसला. काकूंनी त्याला सुरमई वाढली आणि त्यांच्या मोडक्या हिंदीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, की दगड होते तेव्हा तुला काय वाटले? तो म्हणाला, "अम्मा, छोटे थे. बच्चों के होते हैं ना, उतने." काकूंनी मान हलवली आणि त्याच्या पानात आणखी एक तुकडा वाढला. मीही त्याच टेबलावर होतो. मलाही त्यांनी वाढले, तितकेच.

त्यानंतर काकू आणि मी भूखंडावर गेलो. उंच कुंपण, त्यामागे निळ्या पत्र्याच्या शेड. घाफचे झाड तेवढे राहिले होते, कारण ते तोडायला इथे परवानगी लागते आणि त्याच्यापुढे मी होय लिहिले होते. काकू कुंपणापाशी चपला काढून उभ्या राहिल्या.

"कुठे?" त्यांनी विचारले.

"तिसऱ्या शेडच्या मागच्या बाजूला असावं, काकू."

"असावं नको. नक्की सांग. शिकलायस ना तेवढं?"

पुढचा महिनाभर मी दररोज कार्यालय सुटल्यावर त्याच कामाला बसलो. जमीन सपाट करण्यापूर्वीची उंची-सखलतेची मोजणी आमच्याकडे होती. झाडाची जागा नक्की होती. सहाव्या फोटोतल्या सावल्यांवरून अंतरे काढली, मोजणीतले चार लहान उंचवटे सापडले आणि ते मी शेडच्या नकाशावर बसवले. जुळी दोन शेडच्या बाहेर, वाहने वळण्याच्या जागेत. काकूंची मुलगी मागच्या भिंतीच्या पायालगत, नंदू भिंतीच्या आत. यंत्राने तिथली माती वीतभरच खरवडली होती आणि वरून भराव टाकला होता. मुले होती तिथेच होती, दगड गेले होते. नकाशाचा कागद काकूंसमोर पसरला. त्यांनी चारही ठिपक्यांवर एकेक बोट ठेवून पाहिले.

"हे आधी केलं असतंस तर?" त्या म्हणाल्या. त्यांनी मला दिलेला दोष एवढाच.

थोड्या वेळाने त्यांनी कागदाची घडी केली. "आता कमलला आणि लीलाला तू सांगायचंस. मी त्यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. हे आठ महिने बोलले. तू नेत नव्हतास म्हणून बोलले. ते मी निस्तरणार नाही."

काकू गेल्या मार्चमध्ये गेल्या. झोपेतच. मिलिंदला त्यांनी फार पूर्वी एक गोष्ट बजावून ठेवली होती, की मला न्याल तेव्हा बायकांना घरी बसवू नका. इमारतीतल्या नऊ बायका दहनभूमीवर आल्या होत्या, माझी पत्नीही. रियाने अग्नी दिला. ती मुलगी मराठीत क्वचितच बोलते. त्या दिवशी परतताना गाडीत मला म्हणाली, "काका, मला तो नकाशा पाहिजे." मी एक प्रत तिला दिली. मूळ कागद माझ्यापाशी आहे.

लोक विचारतात, तुमच्या आयुष्यावर सर्वांत मोठा ठसा कोणाचा. मी शकूकाकूंचे नाव सांगतो आणि मला कुंपणापाशी उभ्या असलेल्या त्यांच्या आकृतीऐवजी मी केलेले ते दोन फोन आठवतात.

काकूंनी मला आपल्या समोरच्या खुर्चीत बसवले होते. पहिला फोन कमलताईंना. मी सांगू लागलो, त्यांनी शेवटपर्यंत ऐकले, विचारले, "शकू आहे का तिथे?" मी हो म्हणालो. त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर त्या माझ्याशी कधीही बोलल्या नाहीत, आणि मी त्यांना पुन्हा फोन करावा, असे काकूंनी कधी सुचवले नाही.

दुसरा फोन सांगलीला.

"मी सतीश बोलतोय. शकूकाकूंच्या इमारतीत राहतो."

"हो, तो गाडीवाला ना? शकू सांगते तुमच्याविषयी. फार सज्जन मुलगा आहे म्हणते."

मी काकूंकडे पाहिले. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. मी लीलाताईंना सगळे सांगितले, पत्रकातल्या नाहीसकट.

"तुम्ही वाईट केलंत," लीलाताई म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे आता तिथे काही दिसत नाही."

"नाही. जागा नक्की ठाऊक आहे. पण दिसत काही नाही."

मग त्यांचा आवाज बदलला. तो लहान झाला.

"तुम्ही पाहिलं होतंत का हो? आधी? स्वतः?"

"हो. अकरा वेळा."

"शकू नुसतं आहे म्हणायची. मी पुढे कधी विचारलं नाही. घरात माणसं असायची, हे असायचे. नंदूचं नाव काढलेलं ह्यांना चालत नसे. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी जीभ वळली नाही." मग त्यांनी विचारले, "नंदूचं कुठलं होतं?"

"समुद्राकडचं. शेवटचं."

"उंच होतं?"

"माझ्या गुडघ्याच्या जरा खाली येईल एवढं. पांढरे दगड, जाळीसारखी भोकं असलेले. एका दगडात शिंपला रुतलेला होता."

"ऊन लागायचं का फार?"

"सकाळी लागायचं. दुपारनंतर एका झाडाची सावली पहिल्यांदा त्याच्यावर यायची आणि मग बाकीच्यांवर."

"थांबा," लीलाताई म्हणाल्या. फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. खण उघडला, बंद झाला, दुसरा उघडला. समोर शकूकाकूंनी डोळ्यांना पदर लावला होता. बऱ्याच वेळाने पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज झाला.

"हं. चष्मा मिळाला. आता पहिल्यापासून सांगा. हळू सांगा, मला लिहायला वेळ लागतो."